मुक्ता, तांदूळ निवडताना

*मुक्ता, तांदूळ निवडताना*
*चित्रकार : हिंदुराव चवरे*
*तैलरंग, कॅनव्हास*
*महेश्वर हत्तुरे यांच्या संग्रहातून*

अशी पट्टी प्रत्येक चित्राशेजारी. महेश्वरअण्णा हत्तुऱ्यांनी त्या स्वतः टाईप करून घेतल्या होत्या, जाड पांढऱ्या कागदावर, आणि चित्राच्या उजव्या अंगाला, जरा खाली, फूटपट्टीने माप घेऊन चिकटवल्या होत्या.

हे खूळ मुंबईचं. टॉवेलच्या प्रदर्शनाला गेले असताना ऊन सोसेना म्हणून अण्णा एसीच्या आशेने एका काचेच्या दारात शिरले. ती आर्ट गॅलरी निघाली. संध्याकाळी बाहेर पडले ते एक निसर्गचित्र काखेत मारूनच. घरी आल्यावर बायकोने, सिद्धेश्वरीने, ते उलटसुलट करून पाहिलं.

"टॉवेल विकायला गेलात आणि झाड घेऊन आलात. तेही वाळलेलं."

"ओरिजिनल आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे असं दुसरं नाही."

"नकोच दुसरं," सिद्धेश्वरी म्हणाली.

पण दुसरं आलं, तिसरं आलं. भवानी पेठेतल्या घराच्या भिंती देवघरापर्यंत भरत गेल्या. लग्नकार्याला आलेले पाहुणे चित्रापुढे मान वाकडी करून उभे राहायचे आणि विचारायचे, "अण्णा, हे उलटं तर नाही ना लागलं?" अण्णांना त्याचंही सुख वाटायचं. अक्कलकोट रोडच्या त्यांच्या कारखान्यात दिवसभर सारखे टॉवेल आणि सारख्या चादरी निघत. एकासारखा दुसरा निघाला नाही तर तो माल बाजूला काढायचा. दिवसभर हे करून घरी यावं, तर भिंतीवर सगळं एकेकच.

चादरीवर मोर कसा उमटायचा हे आधी कागदावर ठरतं. चौकड्यांच्या कागदावर एकेक घर रंगवत नक्षी काढतात, मग त्याबरहुकूम माग चालतो. अण्णांच्या कारखान्यात हे काम हिंदुराव चवऱ्यांकडे होतं. रविवारी ते स्वतःचं काढायचे. एका सोमवारी त्यांनी एक चित्र कारखान्यात आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. ओसरीवर बसलेली बाई, मांडीवर सूप, बोटं तांदळात. चेहरा किंचित वर उचललेला, कोणीतरी आत्ताच हाक मारल्यासारखा.

"कोणी काढलं?"

"मीच की."

"आणि ह्या कोण?"

"आमची कारभारीण. फोटो काढतो म्हटलं की तोंड फिरवती. मग तांदूळ घेऊन बसली की काढायचो, थोडं थोडं. बोटं समोर बघून, तोंड मातर मनानंच, पाठ हाय."

"हे मला पाहिजे."

हिंदुराव हसले. "दाखवायला आणलं होतं, अण्णा."

"मग दाखवून झालं. आता पाहिजे म्हणतो."

मालकाने दोनदा म्हटलं म्हणजे झालंच. हिंदुराव ते चित्र परत घरी घेऊन गेले आणि दोन दिवस आणलंच नाही. मुक्ताबाईच म्हणाल्या, "द्या की त्यास्नी. मी हाय की हितं घरात. चित्र घिऊन काय करायचंय?" हे अण्णांना फार उशिरा कळलं. किंमत त्यांनी चांगली दिली, त्यात खोट नव्हती. एकच गोष्ट हिंदुरावांनी मागितली, अधूनमधून बघायला येईन. आणि एकच अण्णांनी.

"ह्याला चमक नाही हो. बाकीची बघा कशी चकाकतात."

"वार्निश मारलं की चकाकंल. पर मला असंच बरं वाटतंय."

"मारा."

हिंदुरावांनी मारलं. मालकाची हौस म्हणून चांगलं जाड मारलं.

रविवारी ते यायचे. चपला बाहेर काढून चित्रासमोरच्या खुर्चीत बसायचे, चहा प्यायचे. सिद्धेश्वरी चेष्टा करायची, "भाऊजी, खरी मुक्ताबाई घरात सोडून हिला बघायला येता?"

"घरातली बोलती हो वैनी. ही गप बसती."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदा मुक्ताबाई स्वतः आल्या होत्या. चित्राकडे एकदा पाहिलं, "नाक मोठं काढलंय," म्हणाल्या आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या. अण्णा तेव्हा शेजारच्या बाईंना चित्रातला उजेड समजावून सांगत होते. आज आठवायला गेलं तर त्यांना सुपावरची बोटं आठवतात, पदराची कड आठवते. खरी मुक्ताबाई त्या दिवशी खोलीत होती, हातभर अंतरावर, आणि तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

*मुक्ता, तांदूळ निवडताना*
*तात्पुरती जागा : कारखाना, मागची शेड*

जुळे सोलापुरात बंगला बांधला. वास्तुशांत झाली, तरी रंगकाम मागे राहिलं होतं. भवानी पेठेतलं घर तर रिकामं करून द्यायचं होतं. तेव्हा चित्रं कुठे ठेवायची?

कोणीही सांगितलं असतं, कोणा पाहुण्याच्या थंड खोलीत ठेवा. हिंदुरावांना विचारलं असतं तर त्यांनी तर नक्कीच सांगितलं असतं. पण ते एव्हाना कारखान्यात नव्हते. नक्ष्या कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या होत्या. शिवाय टॉवेल-चादरीवाल्याला वस्तू गुंडाळायची कशात हे का दुसऱ्याला विचारावं लागतं? अण्णांनी शिलकी मालातल्या नव्याकोऱ्या चादरी काढल्या, एकेका चित्राला बाळंतिणीच्या बाळासारखं गुंडाळलं, वरून सुतळी आवळली आणि मागच्या शेडमध्ये एकावर एक रचून ठेवली.

शेड पत्र्याची. महिना मे. सोलापूरचा मे.

बाकीची चित्रं वाचली, कारण त्यांच्यावर काच होती. मुक्ताच्या चित्रावर काच नव्हती. जाड वार्निश होतं, ते पत्र्याखाली चिकट झालं, आणि वरच्या रचलेल्या चित्रांचा भार चादरीने त्याच्यात दाबून बसवला. अण्णांनी नव्या हॉलमध्ये चादर सोडवायला घेतली तेव्हा ती टरटर आवाज करत निघाली, जखमेवरची पट्टी निघावी तशी. तांबडे-काळे धागे, सुताची बारीक तांबडी कुसं चित्रावर तशीच राहिली. गालावर, कपाळावर, डोळ्यावर. नीट पाहिलं तर त्यात मोराची मान ओळखू येत होती. हिंदुरावांनीच काढलेली नक्षी.

अण्णांनी चित्र पुन्हा त्याच चादरीत गुंडाळलं आणि कपाटामागे उभं केलं. सिद्धेश्वरीला सांगितलं, चौकट मोडलीय.

*(हॉल. पट्टी आहे, खिळा आहे, चित्र नाही.)*

"इथलं कुठे गेलं, अण्णा?" पाहुणे विचारायचे.

"चौकटीला दिलंय."

"ह्या खिळ्यावर काही लावा की, भुंडं दिसतंय."

"लावायचंय."

"आमचं मुक्तीचं चित्र न्हाय व्हय लावलं अजून?"

"भिंत ओली आहे, हिंदुराव. खराब होईल."

"मग नगं. वाळू दे."

भिंत दोन उन्हाळे वाळली. हिंदुराव येत राहिले. आधी दर रविवारी, मग महिन्याकाठी. त्याच खुर्चीत बसायचे, खिळ्याकडे बघायचे, चहा प्यायचे. चित्र दाखवा असं एकदाही म्हणाले नाहीत. आणि अण्णांच्या ओठांवर तेच एक वाक्य दर वेळी यायचं आणि चहाच्या घोटाबरोबर खाली जायचं. अहो, जरा खराब झालंय, बघता का? बस्स, एवढंच. पण आपण चित्रं सांभाळणारे म्हणून गावात नाव होतं. चित्रकाराला त्याचंच चित्र असं काढून दाखवायचं?

मग एके सकाळी हिंदुराव अवेळी आले. डोकं भादरलेलं. अण्णांना जे समजायचं ते दारातच समजलं. सिद्धेश्वरी तेव्हा बहिणीकडे कलबुर्गीला होती. घरात दोघंच.

"झोपंतच गेली. कुणाला तरास न्हाय, काय न्हाय."

अण्णांनी त्यांचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"एक काम होतं, अण्णा. दिवस घालायचेत. फोटो न्हाय तिचा एकबी धड. लगीन झाल्यापासनं उभीच राहिली न्हाय कधी समोर. तेवढं चित्र द्या. एका दिवसापुरतं. परत आणून, टांगून जातो."

अण्णांनी हात सोडला.

"ते पुण्याला गेलंय," ते म्हणाले. "प्रदर्शनाला."

"कधी यील?"

"सांगता येत नाही."

"बरं." हिंदुराव खिळ्याकडे पाहत राहिले. "लोक बघत्यात व्हय तिला, पुण्यात?"

"बघतात की."

"बरं झालं. तिला सांगायला पायजे होतं."

एवढं बोलून ते गेले. चहाही घेतला नाही.

दिवसकार्याला अण्णा गेले. हार घालून मध्ये ठेवला होता तो आधार कार्डावरचा फोटो, झेरॉक्सवाल्याकडून मोठा केलेला. मोठा करताना चेहरा फुटला होता. तोंड अर्धवट उघडं, डोळे घाबरलेले, आता पुढे काय करायचं असं विचारणारे. अण्णांच्या मागे बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "ही मुक्ताकाकी न्हवंच गं, कुणी तरी येगळीच दिसती." दुसरी म्हणाली, "गप. तीच हाय."

त्यानंतर हिंदुराव कधी आले नाहीत.

यंदा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत, गर्दीत, ते सिद्धेश्वरीला भेटले.

तिने घरी येऊन बांगड्यांची पुडी टेबलावर ठेवली आणि अण्णांना वाढता वाढता सांगितलं.

"हिंदुरावभाऊजी भेटले. थकले हो फार. नातवाला पाळण्यात बसवायला आणलं होतं. मला विचारलं, चित्र पुण्याहून आलं का?"

अण्णांनी घास परत ताटात ठेवला.

"मी म्हटलं, पुण्याला कधी गेलं? कपाटामागे तर आहे, चौकट मोडलीय म्हणून."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, बरं. पाळणा थांबला होता, तिकडे गेले. मी उद्या जेवायला बोलावलंय. शेंगापोळी आहे म्हटलं." ती समोर बसली. "पुणं कुठून आलं मध्येच?"

अण्णांनी सांगितलं. फार काही नव्हतंच सांगायला. ती ऐकत होती आणि टेबलावरचा तिळाचा दाणा बोटाने इकडून तिकडे सरकवत होती.

"साकु," ती शेवटी म्हणाली. पुरे. माहेरची कानडी तिच्या तोंडात रागातच यायची. "माणूस एका दिवसापुरतं मागत होता."

"असं खराब झालेलं कसं देणार होतो?"

"खराब तर खराब. तिचं होतं ना?"

आता एक रात्र आणि एक सकाळ हातात होती. अजूनही काही बिघडलं नव्हतं, हे इथे सांगून ठेवायला हवं. चित्र उद्या आहे तसं हिंदुरावांपुढे ठेवायचं, मान खाली घालायची, संपलं. अण्णांनी तेच ठरवलं होतं. पण सकाळी सिद्धेश्वरी स्वयंपाकाला लागली, अण्णांनी चित्र कपाटामागून काढून मागच्या गॅलरीत उजेडात धरलं, आणि तांबडी कुसं पाहून त्यांना वाटलं, हा तर डागच आहे.

डाग! डाग काढण्यात तर जन्म गेला.

कारखान्यात टॉवेलवर मागाचं तेल उडतं. त्यासाठी एक लिक्विड असतं आणि ते मारायची एक छोटी गन. डागावर नेमकी धार धरायची, खालून कापड दाबायचं, डाग उतरतो आणि टॉवेल नवा. या कामात अण्णांचा हात असा की नव्या कामगाराला तेच शिकवायचे. त्यांनी स्कूटर काढली, कारखान्यात जाऊन गन आणि लिक्विडची बाटली आणली, एक मऊ पांढरा टॉवेल घेतला.

आधी कोपरा. पदराच्या कडेवर थोडं मारलं, टॉवेलने टिपलं. तांबडं कूस अलगद निघून आलं आणि खालची हिरवी कड पहिल्या दिवसासारखी उघडी पडली. अण्णा एकटेच हसले. पदर झाला. खांदा झाला. किती वर्षं आपण उगाच मनाला लावून घेतलं, असं त्यांना वाटलं. येऊ दे हिंदुरावांना. खिळ्यावर टांगलेलंच दाखवू. चौकट दुरुस्त झाली म्हणू.

मग चेहरा.

गालावरची कुसं घट्ट बसली होती, म्हणून जरा जास्त मारलं. निघेनात, म्हणून अजून मारलं आणि टॉवेल दाबून फिरवला, टॉवेलवर फिरवतात तसा, गोल. कुसं निघाली. टॉवेल उचलून पाहिला तर त्याच्यावर गव्हाळ रंग होता.

अण्णांनी टॉवेल उलटा केला. मागेही होता. मग चित्राकडे पाहिलं. सूप होतं, बोटं होती, पदर लखलखीत होता, आणि वर, जिथे कोणीतरी हाक मारली म्हणून बाईने मान उचलली होती, तिथे नुसता कॅनव्हासचं विणकाम दिसणारा फिकट गोल होता. एका भुवईचा काळा ओघळ तेवढा हनुवटीच्या जागेपर्यंत आला होता.

आतून सिद्धेश्वरीने हाक मारली, "अहो, पाटावर ताटं मांडू का टेबलावर?"

हिंदुराव जेवले. नीट जेवले. शेंगापोळीवर तूप मागून घेतलं. नातवाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. पुण्याचं नाव काढलं नाही. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाले, "कुटं हाय?"

अण्णांनी आणून खुर्चीवर टेकवलं. सिद्धेश्वरीने पाहिलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिलाही हे माहीत नव्हतं.

मग अण्णाच सांगू लागले. शेड, चादर, वार्निश, धागे, गन. एकही गोष्ट सोडली नाही. हिंदुराव ऐकत होते की नाही कळत नव्हतं. ते खाली वाकून चित्राचा वास घेत होते.

"कुसं वरच्यावर असतील," ते म्हणाले. "वार्निशात. खाली रंग होता तसाच."

"म्हणजे?"

"वार्निश उतरवायचं असतं हो, कापसानं, जरा जरा करून. रंगाला धक्का न लावता. एक दुपार गेली असती माजी." मग सरळ होत, "रविवारी येतच होतो की."

अण्णांना खाली बसावंसं वाटलं. समोरच्या खुर्चीवर चित्र होतं.

"हिंदुराव, पुन्हा काढा. ह्याच्यावरच काढा. लागेल तेवढा वेळ घ्या. हात तसेच आहेत बघा, पदर आहे. फक्त चेहरा. तुम्ही तर म्हणायचात, बोटं समोर बघून काढली, तोंड मनानंच काढलं, पाठ होतं."

"व्हय. पाठच होतं."

"मग?"

हिंदुरावांनी दुसरी खुर्ची ओढली, बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काढून बघितलं की. लई येळा. दिवस झाल्यावर लगीच बसलो हुतो. तवर ते भिंतीवर टांगलं पोरांनी, आधारवालं. उठता-बसता तेच समोर. आता डोळे मिटले की तेच येतंय, अण्णा. त्येच ते तोंड, भेदरल्यालं. तांदूळवाली येतच न्हाय." ते बोटाने मांडीवर काहीतरी रेघ ओढत होते. "म्हणूनच विचारलं वैनीला गड्ड्यात. म्हटलं, पुण्याहून आली असंल तर एकदा बघून घिऊ. बघितली की बसंल परत मनात."

सिद्धेश्वरीने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ येत राहिला.

"घेऊन जा हे," अण्णा म्हणाले. "तुमचं आहे."

"नगं. घरी पोरं हायत. आज्जी अशी का म्हणून विचारत्याल." हिंदुराव उठले. गुडघ्यावर हात ठेवून, चित्राच्या खालच्या भागाकडे, सुपातल्या बोटांकडे, पाहत राहिले. "हात मातर तिचेच हायत बघा. असंच करायची, खडा सापडला की आधी दाखवायची मला. मग टाकायची."

दारापर्यंत अण्णा गेले. चपला घालताना हिंदुरावांना तोल सावरेना, तेव्हा त्यांनी अण्णांचा खांदा धरला. चपला घातल्या, खांदा सोडला.

"रविवारी याल?" अण्णांनी विचारलं.

"बघू की," हिंदुराव म्हणाले.

ते आलेले नाहीत.

चित्र त्याच खिळ्यावर आहे. सिद्धेश्वरी म्हणाली होती, कपाटामागे नको आता, पुरे झालं ते. हॉलमध्ये आलेला प्रत्येक माणूस आधी तिकडेच बघतो. मॉडर्न आर्ट आहे का, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, चेहरा नसल्यामुळे कशी कुठलीही आई वाटते बघा, चित्रकाराने मोठं डोकं लढवलंय. अण्णांनी त्यालाही सगळं सांगितलं, शेडपासून. तो चहा अर्धा टाकून गेला.

पट्टी मात्र जुनीच होती आणि ती त्यांना दर वेळी खटकायची. एका दुपारी त्यांनी ती नखाने खरवडून काढली, माप घेऊन त्याच जागी नवी लावली. ही टाईप करून घेतली नाही. हातानेच लिहिली.

*मुक्ता, तांदूळ निवडताना*
*तैलरंग, कॅनव्हास*
*हात : हिंदुराव चवरे*
*चेहरा : महेश्वर हत्तुरे*